टॉवेल, सतरा किलो

मित्रांनो, मी एक जुना मोटार-ड्राइव्ह आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी कधीच दर्शनी भागात नसतो. जाडजूड शब्दकोश उभा ठेवावा एवढा माझा आकार, रंग काळपट, पोटाखाली एक छोटा पंखा आणि छातीवर चार अक्षरे मावतील एवढीच खिडकी. तिच्यात तांबडी अक्षरे उमटतात. खाली पाच बटणे. एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात मी गेली पंधरा वर्षे उभा आहे. स्वभावाने मी गरीब आहे, उगाच कोणाला चावत नाही. मात्र झाकण उघडून आत बोट घालाल तर चावतो, आणि वीज बंद केल्यावरही पाच मिनिटे चावतो. हे गमतीने सांगत नाही. माझ्या पोटात विजेचा साठा असतो आणि तो ओसरायला तेवढा वेळ लागतो.

माझ्या शेजारी कपडे धुण्याचे एक मोठे मशीन आहे. त्याच्या ड्रममध्ये तुमच्याएवढी दोन मुले सहज मावतील, पण मावून बघू नका. हा ड्रम फिरवते मोटार, आणि मोटारीला कधी हळू, कधी जोरात फिरायला लावतो तो मी. तारेतून येणारी वीज एकाच चालीची असते. मोटार थेट तिच्यावर सोडली, तर ती एकतर उभी राहील, नाहीतर सुसाट सुटेल. मधले तिला काही ठाऊकच नसते. म्हणून मी ती वीज आधी माझ्या पोटातल्या हौदात भरून घेतो आणि मग मोटारीला हवी तेवढी, हव्या त्या चालीने देतो. धुताना ड्रम डुलत डुलत फिरतो, पिळताना गरगर फिरतो आणि शेवटी शहाण्यासारखा हळूहळू थांबतो, ते माझ्यामुळे. मोटारीला वाटते, सगळे तीच करते. वाटू दे. शेजारी आहे, मी काही बोलत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. चष्मा घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातले सुटे भाग एकेक करून चिमट्याने बसवले. त्या काम करताना गुणगुणत. मग मला एका गरम खोलीत दिवसभर चालवून बघितले, तेव्हा माझ्या दोन भावंडांनी धीर सोडला आणि त्यांना परत टेबलावर नेले. मी टिकलो. माझ्या पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली, सोबत एक माहितीपुस्तक दिले आणि खोक्यात घातले. त्या पुस्तकाचा मला फार अभिमान होता. त्यात माझ्या स्वभावाविषयी सगळे लिहिले होते: मी कशाने तापतो, कशाने अडतो, अडलो की खिडकीत काय दाखवतो. एवढे सविस्तर पुस्तक माणसांसोबतही येत नाही.

लॉन्ड्रीत मला बसवायला एक मितभाषी इंजिनिअर आले होते. दिवसभर त्यांनी ड्रम रिकामा फिरवला, भरून फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला. प्रत्येक वेळी माझी बटणे दाबून ते पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहीत. जाताना त्यांनी पुस्तक मालकांच्या हातात दिले आणि म्हणाले, "हे जपून ठेवा."

"ठेवतो ना," मालक म्हणाले. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला आणि माझे चरित्र त्या पायाखाली गेले. तिथे ते खरोखर जपून राहिले, नाही असे नाही.

मालकांची ओळख करून द्यायला हवी. माणूस मनाने चांगला, पण कायम घोड्यावर बसलेला. दिवसातून शंभर वेळा 'लवकर, लवकर' म्हणत. त्यांच्या माघारी सगळे त्यांना लवकरशेठच म्हणत. चहासुद्धा ते उभ्या उभ्या पीत आणि जीभ भाजून घेत. त्यांच्या उलट होत्या मावशी. माझे मशीन पहिल्या दिवसापासून मावशींच्या ताब्यात होते. सावकाश चालणार, सावकाश बोलणार, पण हातचे काम कधी मागे पडायचे नाही. वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय त्या ड्रममध्ये साधा रुमाल टाकत नसत. मशीन वीस किलो कपड्यांचे. मावशी चादरी अठरा किलो घालत आणि जाड कपडा असला तर सतरा. "त्यालाही श्वास घ्यायला जागा नको का?" असे म्हणत.

मावशींना आणखी एक सवय होती. लॉन्ड्रीत कपडे आले की कोणाचा कपडा कोणता हे कळावे म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यावर न जाणाऱ्या शाईने निशाणी करतात. ते काम अनेक वर्षे मावशींनी केले होते. ते शाईचे पेन कायम त्यांच्या कानामागे असायचे. लक्षात ठेवायची गोष्ट दिसली, की मावशी ती जवळच्या सपाट जागेवर लिहून टाकत. "लिहिलं की डोकं मोकळं," त्या म्हणत. आणि मशीनच्या सगळ्यात जवळची सपाट जागा कोणती, तर माझ्या कपाटाचे दार, आतल्या बाजूने.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. गावातल्या रुग्णालयाच्या चादरी यायच्या, धुऊन, पिळून, घडी होऊन जायच्या. कोणी पाहुणे आले की लवकरशेठ माझ्या कपाटावर थाप मारून म्हणत, "याच्यामुळे वीज कमी लागते!" मी पंख्याचा आवाज जरा वाढवत असे. कौतुक कोणाला आवडत नाही?

मग एका उन्हाळ्यात मी तापायला लागलो. म्हणजे तसा मी रोजच तापतो, पण पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. त्या वर्षी कोणीतरी सुचवले, कपाटाचे दार उघडे ठेवा आणि समोर टेबलफॅन लावा, म्हणजे ड्राइव्ह गार राहील. ऐकायला किती छान! पण लॉन्ड्रीच्या हवेत कपड्यांचे बारीक तंतू सतत उडत असतात. टेबलफॅनने ते सगळे माझ्या पोटात आणून सोडले. माझा पंखा त्यात गुरफटला आणि मी दुपारी दोन वाजले की थांबू लागलो. खिडकीत स्पष्ट सांगत होतो, मी तापलोय. पण खिडकी वाचतो कोण? वायरमनकाका येत, सगळे स्क्रू एकदा आवळत, रिसेटचे बटण दाबत आणि म्हणत, "झालं!" मी पुन्हा चालू व्हायचो आणि तासाभरात पुन्हा थांबायचो. मग काका येण्याची वाट न बघता मावशीच रिसेट करू लागल्या. ओला हात विजेच्या वस्तूला लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यासाठी त्यांनी एक कोरडी लाकडी काठी खिळ्याला टांगून ठेवली होती. काठीच्या टोकाने माझ्या पोटात हळूच टोचायच्या. गुदगुल्या व्हायच्या, पण आजार कसा बरा होणार?

फरक इतकाच, की मावशी टोचण्याआधी खिडकीतली अक्षरे दारावर उतरवून घेत. त्यांना इंग्रजी येत नव्हते. "वाचता येत नसलं म्हणून काय झालं, नक्षी तर उतरवता येते. आयुष्यभर लोकांच्या निशाण्याच काढल्यात मी," असे म्हणून त्या ती अक्षरे हुबेहूब काढत. शेजारी वार, वेळ आणि ड्रममध्ये काय होते ते लिहीत. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आले, की नक्षी एकच आहे आणि ती फक्त दुपारच्या उन्हात येते. त्यांनी वाकून माझ्या पोटाखाली पाहिले, तर पंख्याला कापसाची दाढी फुटलेली! काकांना बोलावून, वीज बंद करून, ब्रशने ती काढायला लावली. टेबलफॅन घडीच्या टेबलाकडे गेला, माझे दार बंद झाले. कपाटाच्या हवेच्या वाटेवर एक जाळी असते, ती मावशी तेव्हापासून दर शनिवारी स्वतःच्या हाताने धुऊ लागल्या. एवढ्यावर माझा ताप उतरला.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

पिळून झाल्यावर जोरात फिरणारा ड्रम थांबायला चाळीस सेकंद लागत. तो पूर्ण थांबेपर्यंत मशीनचे झाकण उघडत नाही. एके दिवशी लवकरशेठ मशीनसमोर उभे राहून बोटांनी झाकणावर तबला वाजवत होते. "किती वेळ हा थांबायला! एवढ्यात माणूस जेवून येईल!" असे म्हणत त्यांनी माझे कपाट उघडले आणि बटणे दाबत बसले. पुस्तक टेबलाखाली, त्यामुळे अंदाजपंचे कारभार. पण मनुष्य चिकाटीचा. अर्ध्या तासात त्यांना थांबण्याची वेळ सापडली आणि त्यांनी चाळीसचे बारा केले. ड्रम बारा सेकंदांत थांबला. शेठना आकाश ठेंगणे झाले. आपले कर्तृत्व कोणी बिघडवू नये म्हणून त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिले, 'बटणांना हात लावू नये', आणि तो संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला चारही कोपऱ्यांना गोंद लावून चिकटवला.

मित्रांनो, थांबणे सोपे असते असे तुम्हाला वाटेल. नाही. गरगर फिरणारा जड ड्रम मी रोखू लागतो, तेव्हा मोटार उलटी वीज तयार करून माझ्याच हौदात ओतू लागते. हळूहळू थांबवले तर ती ओघळत येते आणि मी ती जिरवतो. घाईने थांबवले तर लोंढा येतो. हौद काठोकाठ भरला, की माझे पोट फुटू नये म्हणून मी सगळी दारे लावून घेतो आणि खिडकीत लिहितो की वीज फार चढली. मग ड्रमवर कोणाचाच लगाम राहत नाही. तो आपल्या मर्जीने फिरत राहतो आणि थांबायला चार मिनिटे घेतो.

दोन महिने काही झाले नाही, कारण चादरी हलक्या होत्या. बारा सेकंदांत माझी दमछाक व्हायची, पण निभावून नेत होतो. मग एक नवे गिऱ्हाईक आले: पोहण्याचा तलाव. त्यांचे टॉवेल जाडजूड आणि पाणी धरून ठेवणारे. पहिल्याच खेपेला पिळून झाल्यावर थांबवताना माझा हौद भरला आणि मी अडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दिवसातून तीनदा. तलावाचा माणूस दारात उभा, टॉवेल ड्रममध्ये, झाकण बंद आणि मी खिडकीत ओरडतोय. शेठना बटणांचा विसर पडला होता. त्यांनी खापर फोडायला जवळचे डोके शोधले.

"मावशी, तुम्ही जास्त भरता!"

"शेठ, सतरा किलो. काट्यावर बघा."

"मग मशीन उगाच बंद पडतं का? सात वर्षं नीट चाललं ते!"

मावशींनी टॉवेल परत काट्यावर ठेवून दाखवले. सतरा किलो. शेठनी काट्याकडे बघितलेही नाही. वायरमनकाका आले, स्क्रू आवळले, म्हणाले, "मोटारच बसलीय." मोटार उतरवून अण्णांकडे पाठवली. ते रिवाइंडिंग करत, म्हणजे मोटारींच्या जळक्या तारा काढून नव्या गुंडाळत. अण्णांनी ती तपासून परत पाठवली, सोबत चिठ्ठी: मोटार ठणठणीत आहे. आठवड्याने तीच मोटार पुन्हा त्यांच्याकडे गेली आणि तीच चिठ्ठी घेऊन परत आली. काका म्हणाले, "मग हा ड्राइव्हच गेला. बदलून टाका." माझ्या तोंडचे पाणी पळाले.

पण शेठ त्यावर जे बोलले, ते ऐकून मी स्वतःला विसरलो. ते म्हणाले, "बदलू. पण आधी हात बदलून बघू. मावशी, शनिवारपर्यंत बघतो. पुन्हा बंद पडलं, तर सोमवारपासून तुम्ही घडीच्या टेबलावर. मशीनवर दुसरा माणूस येईल."

घडीच्या टेबलावर दोघी जावा काम करायच्या. त्यांची कुजबुज कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबली. मावशींनी दारावर एक ओळ लिहिली, काठीने मला रिसेट केले आणि पुढचे टॉवेल काट्यावर ठेवले. फक्त पेन कानामागे ठेवताना ते दोनदा खाली पडले. काम कमी दर्जाचे म्हणून त्यांना वाईट वाटत नव्हते. सात वर्षे ज्या मशीनला त्यांनी लेकरासारखे सांभाळले, ते त्यांच्याच हाताने बिघडते आहे, असे चारचौघांत ठरले होते. ते त्यांच्या जिव्हारी लागले होते.

आणि मी? मला सगळे माहीत होते! मावशींचा काही दोष नाही, सतरा म्हणजे सतराच किलो आहेत, चूक त्या बारा सेकंदांची आहे. पण माझ्याकडे चार अक्षरांची खिडकी. तिच्यात 'शेठ, आठवा जरा' एवढे मावत नाही. मी ती दोन अक्षरे आणि एक आकडा दाखवत राहिलो. एवढा लाचार मी आयुष्यात कधी झालो नाही.

मंगळवारी अडलो. बुधवारी दोनदा. गुरुवारी आणि शुक्रवारी मी दात-ओठ खाऊन प्रयत्न केला, पण लोंढ्यापुढे इलाज नव्हता. शनिवारी सकाळी मावशींनी नेहमीप्रमाणे माझी जाळी धुतली, पुसली, परत बसवली. मग ती काठी कापडाने स्वच्छ केली. नव्या माणसाला मिळावी म्हणून खिळ्यावर नीट टांगली. अकरा वाजता टॉवेल थांबवताना मी पुन्हा अडलो. शेठनी मावशींकडे पाहिले आणि मान हलवली. तेवढ्यात दारात सायकल थांबली.

अण्णा होते. उंच, वाकलेले, बोटांना कायम तांब्याच्या तारेचा वास. म्हणाले, "तुमची मोटार तिसऱ्यांदा माझ्याकडे येणार, असं कानावर आलं. तिला माझा लळा लागलाय की इथे तिला कोणी छळतंय, ते बघायला आलो."

"अण्णा, बरं झालं आलात. लवकर बघा," शेठ म्हणाले.

अण्णांनी विचारले, "बंद कधी पडतं? फिरायला लागताना, फिरताना की थांबताना?"

शेठनी वायरमनकाकांकडे पाहिले, काकांनी छताकडे. हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

"थांबताना," मावशी म्हणाल्या.

"नेहमी?"

"नेहमी. आणि टॉवेल असले तरच."

अण्णांनी भुवया उंचावल्या. "तारा एकदा बघून घेतो," असे म्हणून त्यांनी वीज बंद केली, कपाट उघडले, स्टूल ओढले आणि हाताची घडी घालून बसले.

"काय झालं? करा ना सुरू," शेठ म्हणाले.

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं कशाला?"

"झाकणावर लिहिलंय. आतली वीज ओसरायची असते. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही घाला बोट."

शेठनी हात खिशात घातले. पाच मिनिटे! त्यांना तेवढा वेळ नुसते उभे राहायची सवयच नव्हती. अण्णा मात्र निवांत. करायला दुसरे काही नव्हते, म्हणून ते समोरचे दार वाचू लागले. आधी सहज, मग चष्मा पुसून.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मावशी म्हणाल्या. "खराब झालं असेल तर पुसते. पण ती शाई निघत नाही."

"पुसू नका! हात लावू नका कोणी!" अण्णा स्टुलावरून उठले. "मंगळवार, टॉवेल, सतरा किलो, थांबताना. बुधवार, टॉवेल, सतरा किलो, थांबताना. मधे चादरी, बिघाड नाही. पुन्हा टॉवेल. आणि ही नक्षी प्रत्येक वेळी तीच. शेठ, जास्त भरलं असतं तर हा फिरायला लागताना रडला असता, आणि नक्षी वेगळी आली असती. हा थांबताना रडतोय."

मी आतून टाळ्या वाजवत होतो. वीज नव्हती, म्हणून कोणाला ऐकू आल्या नाहीत.

दारावरच्या ओळी वरवर जात शेठच्या कागदाखाली शिरल्या होत्या. दमट हवेने कागदाचा एक कोपरा सुटला होता. खाली आणखी लिखाण दिसते का, म्हणून अण्णांनी तो हळूच ओढला. 'बटणांना हात लावू नये' सोलून खाली आले आणि मागून मावशींची एक जुनी ओळ निघाली. अण्णांनी ती मोठ्याने वाचली.

"'आज शेठनी बटणे दाबली. ड्रम लवकर थांबतो.'"

वाचून त्यांनी चष्म्यावरून शेठकडे पाहिले.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "हे मीच लिहिलं होतं. लिहिलं आणि विसरले बघा."

शेठचा चेहरा धुतल्या चादरीसारखा झाला. "मावशी, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, बघा, कसं लवकर झालं!"

आधी एक जाऊ हसली, मग दुसरी, मग वायरमनकाका तोंडावर हात धरून. अण्णांनी विचारले, "याचं पुस्तक कुठे आहे?" सगळ्यांनी एकदम इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिले. काकांनी टेबल उचलून धरले आणि माझे चरित्र सात वर्षांनी उजेडात आले. एका कोपऱ्यावर टेबलाच्या पायाचा गोल खड्डा पडला होता, पण अक्षरे शाबूत होती. अण्णांनी मावशींची नक्षी पुस्तकातल्या यादीत शोधली. "सापडली. थांबताना हौदात वीज फार चढते. उपाय, थांबण्याची वेळ वाढवा." आणि शेजारच्या समासात त्या मितभाषी इंजिनिअरची पेन्सिल होती: चाळीस सेकंद ठेवावी, कमी करू नये.

तोवर पाच मिनिटे होऊन गेली होती. तारा पक्क्या होत्या. अण्णांनी वीज सुरू केली आणि माझी आठवण चाळली. मला शेवटचे दहा बिघाड लक्षात राहतात. दहाच्या दहा एकसारखे, दारावरच्या शेवटच्या दहा नक्ष्यांशी जुळणारे. मग त्यांनी बाराचे चाळीस केले. माझ्या खांद्यावरून कोणीतरी पोते उतरवल्यासारखे वाटले.

"मावशी, भरा टॉवेल," अण्णा म्हणाले.

मावशींनी काट्यावर ठेवले. या वेळी शेठ स्वतः वाकून काटा बघत होते. सतरा किलो. ड्रम भरला, टॉवेल धुऊन झाले, ड्रम गरगर फिरला. मग थांबायची वेळ आली आणि सगळे मशीनभोवती जमा झाले. मी हौदाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. वीज आली, पण ओघळत. थोडी चढली. अर्ध्यावर आली. जिरली. ड्रमचा आवाज खाली खाली येत गेला. जावांपैकी एक बोटांवर मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. ड्रम शेवटची गिरकी घेऊन थांबला आणि झाकणाची कडी खटकन उघडली.

माझा जीव भांड्यात पडला.

शेठनी तो सोललेला कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. मशीन तुमचंच आहे. मी उगाच..." पुढचे शब्द त्यांना लवकर सापडले नाहीत.

"असू दे शेठ," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी हसत होत्या. "घ्या, हे टॉवेल बाहेर काढायला हात लावा जरा. सावकाश. गरम आहेत." शेठनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मशीनमधून टॉवेल काढले. दोन पडले खाली.

त्या सोमवारी मशीनवर मावशीच होत्या. दुसऱ्या माणसाला घडीच्या टेबलावर काम मिळाले आणि जावांना कुजबुजायला नवा विषय. माझे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटातच टांगले. इस्त्रीच्या टेबलाखाली एक फरशीचा तुकडा आला. वायरमनकाका आता आले की आधी दार वाचतात आणि मगच स्क्रूकडे वळतात. ती सवय मात्र सुटत नाही. आणि लवकरशेठ? ड्रम थांबू लागला की ते मशीनजवळ येऊन उभे राहू लागले. चाळीस सेकंदांत दोन वाक्ये बोलून होतात. मावशींच्या गुडघ्यांची चौकशी, नातवाच्या दाताची बातमी, असे काहीबाही. पूर्वी एवढा वेळही त्यांना मिळत नसे.

मावशी आणखी चार वर्षे होत्या. मग गुडघ्यांनी अगदीच नाही म्हटले. जायच्या दिवशी त्यांनी माझी जाळी धुतली, आपल्या सुनेला वजनकाटा दाखवला, काठी तिच्या हातात दिली. आता माझे मशीन सूनबाईच चालवते आणि तिच्याही कानामागे पेन असते. निघण्याआधी मावशींनी माझे दार उघडले. मला वाटले, डोळे पुसायला आल्या असतील. त्यांनी पेन काढले आणि सगळ्यात खाली लिहिले: 'आज माझा शेवटचा दिवस. टॉवेल, सतरा किलो. बिघाड नाही.'

मागच्या वर्षी सगळ्या कपाटांना नवा रंग दिला. रंगारी माझे दार रंगवायला आला, तेव्हा शेठ धावत आले आणि म्हणाले, "हे बाहेरून रंगव. आतून एक थेंब लावायचा नाही."

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ जण तुमच्याभोवती कपाटांत, भिंतींमागे, पंपांजवळ उभे आहेत. आमच्यावरची धूळ झाडा, आमची पुस्तके टेबलाखाली घालू नका. आणि आम्ही थांबलो, तर बटण दाबायच्या आधी क्षणभर खिडकीत बघा. आम्ही तिथे कारण लिहिलेले असते. माणसांना तर अशी खिडकीही नसते. तेव्हा एखादे माणूस कामात अडखळले, तर त्याला घडीच्या टेबलावर पाठवायच्या आधी एवढे विचारा, की बाबा रे, तू कधी अडखळतोस, आणि तेव्हा तुझ्या ड्रममध्ये काय होते?

चला, सूनबाईचा ड्रम थांबायला लागला आहे, मला हौदाकडे बघायला हवे. चाळीस सेकंद लागतील. शेठसुद्धा थांबलेत.